दाराखालचा गुंडप्पा

टक्! दुपारी सगळं घर निजलेलं असताना वाऱ्यानं दार लोटलं आणि ते माझ्या डोक्यावर आदळलं. रोजचंच आहे. दार लागू नये म्हणून मला फटीत ठेवलंय ना! दगडाला काय लागतंय, असं तुम्ही म्हणाल. पण मित्रांनो, मी साधा दगड नाही. मी उदगीरच्या एका घरातला जुना वरवंटा आहे.

पाथरवटानं टाकीचे घाव घालून मला काळ्या पाषाणातून घडवलं. बसम्माआज्जी नवी नवरी होऊन आल्या, तेव्हापासूनची आमची जोडी. आमटीचं येसर, शेंगदाण्याची चटणी, सणाचं पुरण, सगळं माझ्याखालून गेलं. कौतुक बसम्मांचं व्हायचं, पण धुताना त्या मला हळूच थोपटायच्या. तेवढं पुरायचं.

माझा खरा मान बारशाला. बाळाच्या आधी मला कुंची घालून पाळण्याखालून-वरून फिरवायचे; बाळ माझ्यासारखं घट्टमुट्ट व्हावं म्हणून. मग बसम्मा आईकडून आलेलं जोगुळ, म्हणजे पाळण्याचं गाणं, म्हणायच्या. अर्धं कानडी, अर्धं मराठी, आणि प्रत्येक कडव्यात बाळाचं नाव गुंफलेलं.

पुढे मिक्सर आला, मी दाराखाली गेलो. बारशांना स्पीकर आले, जोगुळ मागं पडलं.

"माझ्यामागं हे कोण म्हणंल गं?" बसम्मा सून मंजुषाला विचारायच्या.

"मला गळा कुठाय, आत्याबाई?" म्हणत ती लेकीच्या, दामिनीच्या, वेण्या घालायला वळायची.

एके दिवशी गावातल्या केबल चॅनलचा वीरेश जोगुळ टिपायला कॅमेरा घेऊन आला. फुलांनी मढवलेला पाळणाही त्यानं आणला होता.

"हं आज्जी, पाळणा हलवा अन् म्हणा."

बसम्मांनी दोरीला हात लावला नाही. "रिकामा पाळणा हलवत न्हाईत, बाबा."

"शूटिंग हाय ओ. कोण बघायलंय?"

"सगळ्या गावाला दावायलास, अन् कोण बघायलंय म्हणतोस?"

गल्लीत तेव्हा तान्हं बाळ नव्हतं. वीरेश कॅमेऱ्याची पिशवी आवरू लागला. गाणं राहतंय की काय! तेवढ्यात बसम्मा हसल्या. "मंजुषा, दाराखालचा आण बघू."

मला आंघोळ घातली, तीट लावली, कुंची बांधली आणि पाळण्यात निजवलं. "नाव काय ठेवायचं?" तर दामिनी ओरडली, "गुंडप्पा!" आणि बसम्मांनी सूर लावला,

"जो जो जो गुंडप्पा, टोपडं शिवलंय चांदण्याचं..."

टीव्हीवर ते लागलं, तेव्हा अख्खी गल्ली आमच्या घरात. दाराखालचा मी, पडद्यावर पाळण्यात! त्यानंतर दामिनी मोबाइलवर तेच लावून बसायची आणि मंजुषा भाकरी थापता थापता ओठ हलवायची. ते मला दारातून दिसायचं.

मग शेजारच्या उज्वलाला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी नेमक्या बसम्मा मुखेडला लेकीकडे. "आज्जी न्हाईत तर काय झालं, टीव्हीतल्या आज्जी हायत की!" म्हणून बायांनी मोबाइल जोडून तेच गाणं टीव्हीवर लावलं. मलाही मानानं नेलं होतं. पाळणा हलला, सूर लागला, "जो जो जो गुंडप्पा..."

"अगं बया!" बाळाची आत्या किंचाळली. "माझ्या भाचीचं नाव ओजस्वी हाय! गुंडप्पा काय करता तिला?"

हसून हसून बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. टीव्हीनं गाणं जसंच्या तसं जपलं होतं, पण नवं नाव त्याला कुठून घालता येणार? कोणीतरी टीव्ही बंद केला.

मंजुषा उठली. पहिली ओळ थरथरली, दुसरी सावरली, तिसरीला बायांनी सूर धरला. "जो जो जो ओजस्वी..." उज्वलानं तिकडे मुखेडला फोन लावून धरला होता. गाणं संपलं, तसा त्यातून आवाज आला, "एक कानडी शब्द चुकलीस गं. पण गळा हाय की तुला!"

मित्रांनो, जुनं जपून ठेवा, पण नुसतं ठेवू नका. अधूनमधून हातात घ्या, कामाला लावा. मग आम्हालाही वय आठवत नाही.

त्या रात्री घरी आल्यावर दामिनीनं मला दाराखाली ठेवू दिलं नाही. आईच्या जुन्या पदराच्या फडक्यात गुंडाळून आपल्या उशीशी निजवलं आणि थोपटता थोपटता विचारलं,

"आई, ओजस्वीची आई उज्वलाकाकू. मग गुंडप्पाची आई कोण?"

मंजुषानं मला हळूच थोपटलं आणि सूर धरला, "जो जो जो गुंडप्पा..."