टायरेल ब्रूक्सचा हंगाम

अमेरिकन फुटबॉल पहिल्यांदा पाहिला तेव्हा चंद्रशेखर मास्तरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. डोक्यावर शिरस्त्राणं घातलेली दांडगी माणसं एकमेकांवर आदळत होती, आणि चेंडू होता नारळासारखा.

"फुटबॉल म्हणता आणि चेंडू हातात धरून पळता? हे कसलं गं?"

"आजोबा, जस्ट वॉच नंबर एटी-फोर," मैथिली म्हणाली. टीव्हीवरची नजर तिने हलवली नाही.

चौऱ्याऐंशी नंबरवाला म्हणजे टायरेल ब्रूक्स, मेम्फिस पायलट्स या संघाचा रिसीव्हर. त्याचं काम नातीने आजोबांना पोह्यांची बशी रिकामी होईपर्यंत समजावलं. खेळ सुरू झाला की त्याने पुढे पळत सुटायचं. मागून त्याच्या संघातला फेकणारा गडी चेंडू लांब भिरकावणार. तो हवेतल्या हवेत झेलायचा आणि मैदानाच्या शेवटच्या रेषेपलीकडे न्यायचा. तसं झालं की टचडाऊन.

"आणि समोरचे काय करतात?"

"दे ट्राय टु स्टॉप हिम."

"हां. म्हणजे शिवाशिवीच की!"

ही दोन हजार नऊच्या सप्टेंबरातली गोष्ट. आदल्या वर्षी जगाच्या बाजाराला गळती लागली आणि दुबईतल्या क्रेन एकेक करून थांबल्या. मास्तरांचा मुलगा सुयश ज्या टॉवरवर इंजिनिअर होता, तो चौदाव्या मजल्यावर येऊन थबकला. सुयशला मग घरापासून दोन-अडीच तासांवरच्या रुवैसला रिफायनरीत काम मिळालं. गुरुवारी संध्याकाळी तो घरी यायचा आणि शनिवारी परत जायचा. सून शुभ्राने घराजवळच्या मुसफ्फातल्या एका ऑफिसात पूर्ण दिवसाची नोकरी धरली. शाळेतून दुपारी येणाऱ्या अकरा वर्षांच्या मैथिलीला दार कोण उघडणार, असा प्रश्न पडला, आणि फलटणहून मास्तर मुलाच्या घरी, मोहम्मद बिन झायद सिटीत आले. बायको जाऊन त्यांना तीन वर्षं झाली होती, शाळेतून निवृत्त होऊन दहा. शाळेत ते खो-खो शिकवायचे. त्यांच्या हाताखालून राज्याच्या संघात गेलेली मुलं आता स्वतः आजोबा व्हायच्या बेतात होती.

टायरेलचा सामना तिकडे रविवारी दुपारी असायचा, म्हणजे इकडे रविवारी रात्री. तो रेकॉर्ड करून ठेवायचा आणि सोमवारी शाळेतून आल्यावर दोघांनी बघायचा, असा रिवाज पडला. निकाल आधी कळू नये म्हणून मैथिली शाळेच्या बसमध्ये कानांत बोटं घालून बसायची.

आणि काय ती सुरुवात होती! पहिल्याच सामन्यात टायरेलने तीन टचडाऊन केले. दुसऱ्यात धो धो पावसात, डोक्यावरून आलेला चेंडू त्याने मागे न बघता ओंजळीत घेतला. चौथ्या सामन्यात तर तो अर्धं मैदान एकटाच पळाला आणि मागचे दोघे नुसते हात पसरत राहिले. मास्तर खुर्चीतून उठले.

"पाय बघ, पाय बघ त्याचे! एक पाऊल तिरकं नाही. दिशा पकडली की पकडली. कोण मास्तर असेल गं याचा?"

"आजोबा, ही हॅज अ कोच. ही गेट्स मिलियन्स."

"त्याच्या मास्तरांनी त्याला मागे वळू दिलेलं नाही. मी सांगतो तुला, लहानपणापासून."

खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्या गड्याने एकदा दिशा घेतली की खुंटापर्यंत परत फिरायचं नसतं. खांदा जरी मागे वळला तरी फाऊल. हा एक नियम मास्तरांनी चाळीस वर्षं मुलांच्या अंगात मुरवला होता. काहींच्या पाठीत धपाटे घालून, बहुतेकांशी गोड बोलून.

मैथिली स्वतः शाळेच्या संघात रिसीव्हर होती. मुलांचा खेळ सौम्य. कुणाला आडवं पाडायचं नाही, कमरेला दोन्ही बाजूंना रंगीत फडकी लावलेली, त्यातलं एक ओढून काढलं की गडी थांबला. मुलं-मुली एकत्र खेळत. सामने सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी सकाळी.

"मला फास्ट व्हायचंय," ती म्हणाली. मराठीत म्हणाली, म्हणजे मनापासून म्हणाली.

मास्तरांना आणखी काय हवं होतं? व्हिलामागच्या मोकळ्या वाळूच्या पट्ट्यावर, ऊन उतरलं की शिकवणी सुरू. दोन टोकांना दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, तेच खुंट. "नजर खुंटावर. मान वळली की फाऊल!" पंधरा दिवसांत पोरगी बाणासारखी सुटायला लागली. ऑक्टोबर संपेस्तोवर सरळ पळण्यात तिला संघात कुणी गाठू शकत नव्हतं.

आणि सामन्यात चेंडू तिच्या मागे पडायला लागला.

एकदा पडला, दोनदा पडला. मैथिली पुढे पळतेय आणि चेंडू पाच पावलं मागे वाळूत उड्या मारतोय. शिक्षिका हमीदा मॅडम रेषेबाहेरून ओरडत होत्या, "टर्न! मैथिली, टर्न!" मैथिली वळली नाही. तिला आजोबांचा आवाज जास्त जवळचा होता.

हमीदा मॅडम मूळच्या हैदराबादच्या, अमेरिकेत वाढलेल्या. सामना संपल्यावर त्या मास्तरांजवळ आल्या. "अंकल, बच्ची बहुत तेज है. लेकिन मुडतीच नहीं. मैं बोलती, पंधरा कदम जाओ और पलटो. पलटतीच नहीं."

"मॅडम, पलटेगी तो उसका वेग टूटेगा," मास्तर अदबीने म्हणाले. "थोडा टाइम दीजिए."

मॅडमनी दोन शुक्रवार वाट पाहिली. संघात आता आठच मुलं उरली होती. चेंडू फेकणारा चांगला मुलगा आईबापांबरोबर कॅनडाला गेला होता, दोघं भारतात परतले होते. सात जण खेळायचे आणि एकाने बाहेर बसायचं. तिसऱ्या शुक्रवारी ती एक मैथिली होती.

घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाली, "मॅडम सेड, नेक्स्ट टर्म देअर इज नो टीम. मुलंच नाहीयेत. जानेवारीची मॅच लास्ट आहे, आजोबा. आणि मी बेंचवर."

तिकडे टायरेलचंही बिनसलं होतं. पाचव्या सामन्यापासून प्रतिस्पर्धी शहाणे झाले. एक गडी त्याच्या अंगाला चिकटून, दुसरा मागे खोलवर राखणीला. टायरेल जिवाच्या आकांताने सरळ पळायचा आणि दुसरा त्याची वाट बघत उभाच असायचा. त्या सामन्यात त्याने एकच झेल घेतला, पुढच्यात एकही नाही. समालोचक म्हणाले, वय झालं.

"ही इज फिनिश्ड," मैथिली म्हणाली. "त्याची पण तुमचीच मेथड आहे." आणि पुढच्या सोमवारी ती टीव्हीसमोर आली नाही. आपल्या खोलीत जाऊन अभ्यास करत बसली. त्याच्या पुढच्याही.

शुभ्राच्या ते लक्षात आलं. "बाबा, मनावर घेऊ नका. या वयात असंच असतं."

"वयाचं नाही गं ते. तिचा माझ्यावरचा विश्वास उडालाय. आणि तो उगीच उडालेला नाही."

मास्तर एकटेच सामने बघत राहिले. शिकवताना मूल अडलं तर ते कधी मुलाला दोष देत नसत. आपण कुठे चुकलो ते शोधत. आता रिमोट हातात घेऊन त्यांनी तेच सुरू केलं. नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी टायरेल नेहमीसारखा सुसाट निघाला, अंगाला चिकटलेला गडीही निघाला, आणि मधेच टायरेल पाय रोवून थांबला. गर्रकन मागे फिरला. चेंडू त्याआधीच हवेत निघालेला होता, तो अलगद त्याच्या छातीशी आला. चिकटलेला गडी मात्र चार पावलं पुढे वाहवत गेला.

मास्तरांनी चित्र मागे नेलं. पुन्हा पाहिलं. पुन्हा मागे नेलं.

पाठलाग कोण करतंय? तो चिकटलेला गडी. मग टायरेल कोण?

"अरे देवा," मास्तर मोठ्याने म्हणाले, "हा तर पळती करतोय!"

खो-खोमध्ये दोन बाजू. पाठलाग करणाऱ्याला वळायची बंदी, पण ज्याचा पाठलाग होतोय त्याला सगळं मैदान मोकळं. त्याने थांबावं, हूल द्यावी, उलट फिरावं. तोच त्याचा खेळ. मास्तरांनी आयुष्यभर पाठलाग शिकवला, पळतीचा सराव घ्यायचं काम दुसऱ्या मास्तरांकडे असे. म्हणून जोरात धावणारा गडी दिसला की त्यांना तो पाठलाग करणाराच वाटायचा. टायरेलला त्यांनी दोन महिने चुकीच्या बाजूला उभं केलं होतं. आणि नातीलाही.

ते तिच्या खोलीच्या दारात गेले.

"मैथिली, मी चुकलो."

तिने पुस्तकातून मान वर केली. आजोबा असं म्हणतात हे तिला नवीन होतं.

"तुला मी पाठलाग करायला शिकवलं. तुझा तर पाठलाग होतोय. हमीदा मॅडमचं बरोबर होतं. तुला वळायलाच हवं."

"सो ऑल दॅट रनिंग वॉज वेस्ट?"

"कसं वाया जाईल? तू रमतगमत आलीस तर तुझ्या थांबण्याला कोण फसणार? तू शेवटपर्यंत जाणार अशी त्याची खात्री पटली पाहिजे."

मैथिलीने पुस्तक मिटलं. "शो मी," ती म्हणाली.

टीव्हीवर त्यांनी तोच तुकडा इतक्या वेळा दाखवला की शेवटी तिनेच रिमोट काढून घेतला. "खलास, आजोबा. आय गॉट इट."

शुक्रवारी वाळूच्या पट्ट्यावर सगळं घर उतरलं. चेंडू फेकायला सुयश आणि पाठलागाला शुभ्रा, ओढणी कमरेला खोचून.

"मी ऑफिसात सहा दिवसांचं काम पाच दिवसांत करते आणि सुट्टीला हे!" शुभ्रा धापा टाकत म्हणाली.

"यल्ला, मम्मा! फास्टर!"

"मैथिली, आता! वळ!" मास्तर ओरडले.

सुयशच्या हातातला चेंडू तसाच राहिला. तो वडिलांकडे बघत होता. "बाबा, तुमच्या तोंडून 'वळ'? मी दहावीत मान वळवली म्हणून मला मैदानाच्या पाच फेऱ्या मारायला लावल्या होत्या."

"तू पाठलाग करत होतास. चेंडू टाक."

पहिल्या दिवशी तिने फार लवकर वळून बघितलं, मग फार उशिरा. पण महिनाभरात थांबणं पायात बसलं. सोमवारी आता ती पुन्हा आजोबांच्या शेजारी असायची. टायरेल लांब पळण्यापेक्षा छोटे छोटे झेल जास्त घ्यायला लागला होता. एका सामन्यात त्याने अकरा घेतले, सगळे वळून. मग प्रतिस्पर्धी त्याच्या वळण्यावर डोळा ठेवू लागले, की तो एखाद्या वेळी वळल्यासारखं करून थेट पळून जायचा. समालोचक 'वय झालं' म्हणायचे थांबले. जानेवारीच्या पहिल्या सोमवारी त्यांनी त्याचा शेवटचा सामना पाहिला. मेम्फिस पायलट्स एका गुणाने हरले आणि हंगाम तिथेच संपला. टायरेल बाकावर बसून बूट सोडत होता.

"ही वॉज गुड, ना?" मैथिलीने विचारलं. तिचे डोळे भरले होते.

"फार चांगला. सप्टेंबरपेक्षा चांगला."

बुधवारच्या सरावात हमीदा मॅडमनी तिचं वळणं पाहिलं. शुक्रवारच्या सामन्यात पहिला अर्धा भाग तिला बाहेरच ठेवलं आणि दुसऱ्यात आत घेतलं.

समोर एक उंच मुलगा होता, लांब हातांचा. पहिल्या वेळी मैथिली पळाली, वळली, पण घाईने. चेंडू तिच्या छातीवर आपटून खाली पडला. शुभ्राने डोळे मिटले. मास्तरांनी हाताची घडी आणखी घट्ट केली, पण आवाज काढला नाही. चूक झालेल्या मुलाला त्या क्षणी कुणाचाच आवाज नको असतो, हे त्यांना ठाऊक होतं.

पुन्हा शिट्टी झाली. या वेळी ती अशी सुटली की मास्तरांनाही वाटलं, विसरली, आता ही थांबत नाही. उंच मुलालाही तेच वाटलं असावं. तो मान खाली घालून तिच्या पुढे जायला धावला. तिने उजवा पाय वाळूत रोवला आणि फिरली. मुलगा हात पसरत पुढे निघून गेला. चेंडू आला आणि तिच्या दोन्ही तळव्यांत बसला. मग ती रेषेकडे पळाली. दोन मुलांना तिने चुकवलं, तिसऱ्याने रेषेच्या जरा अलीकडे तिचं फडकं खेचलं. पुढच्याच डावात दुसऱ्या एका मुलीने चेंडू रेषेपार नेला आणि सगळी पोरं एकमेकांच्या अंगावर पडली.

पाणी प्यायला मैथिली बाहेर आली तेव्हा हमीदा मॅडमनी तिच्या पाठीवर थाप मारली. "ये किसने सिखाया तेरे को? मैं तो तीन महिने चिल्लाई."

"माय ग्रँडफादर," मैथिली बाटली तोंडाला लावत म्हणाली. "ही टॉट मी राँग फर्स्ट."

मॅडमनी हसत मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पण हसले, आणि मग त्यांची नजर मैदानावर गेली.

"सही बोलती है, मॅडम. लेकिन अभी खेल बाकी है. बच्ची को अंदर भेजिए."