राखेने घासलेली नळी

मी एक जुनी अ‍ॅल्युमिनियमची नळी आहे. भडगावात भिकुबाईच्या देव्हाऱ्याखाली पडून असते. हसू नका, मित्रांनो! मी समुद्र प्यालेली आहे.

लढाईच्या दिवसांत तांबे मिळेना, म्हणून मुंबईच्या एका लाँचमध्ये मला बसवले. इंजिन गार ठेवायला समुद्राचे पाणी माझ्या पोटातून सुसाट धावे. माझ्या अंगावर दुधावरच्या सायीसारखे पातळ कवच असते. खारे पाणी जोरात वाहिले की ते खरवडून निघते, आणि मग पाणी मलाच खाऊ लागते.

माझी देखभाल भिकुबाईचा मुलगा अभिमन करी. गडी मोठा मायाळू! आखाजीच्या सणाला सुट्टी मिळाली नाही, तर त्याने मलाच घरचे भांडे मानले. मला सोडवून, आईने शिकवल्याप्रमाणे राख-चिंचेने आतबाहेर घासले. लाँचवरचे, धुळ्याचे तोताराम मिस्त्री म्हणाले, "वा रे भो, चांदीच करी टाकी!" मग तो दर आठवड्याला घासू लागला. कौतुकाने मीही फुगले. उरलेसुरले कवच जात होते, हे कुणाला कळलेच नाही.

एका दुपारी भर समुद्रात मी फुटले. इंजिनखोलीत पाणी उसळले. अभिमनने भोकावर तळहात दाबून धरला, म्हणून इंजिन चालत राहिले. लाँच कशीबशी धक्क्याला लागली. बाकीचे सातही जण वाचले. खाली भरत गेलेल्या पाण्यात अभिमन मात्र बुडाला. त्याचा हात अजून माझ्यावरून निघालेला नाही, असे मला वाटते.

तपासणीत राखेचा दोष निघाला. तो मनात ठेवून मिस्त्रींनी मला भिकुबाईकडे आणले. तिने मला उराशी धरले, खूप रडली. मग मला घासून लख्ख करायला चुलीतली राख घेतली.

"मन्हा पोऱ्याना हात लागेल शे हिले. मयली कशी ठेवू?"

"अक्का, राख नको!" मिस्त्री ओरडलेच.

तिचा हात थांबला. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"भाऊ, मीच शिकाडं ना त्याले?"

"नही अक्का. दर्यानं पानीच तसं व्हतं."

तिला ते पटले नाही. आता ती रोज मला समोर घेऊन तेच विचारते. मित्रांनो, कुणावर माया कराल तेव्हा त्याला काय सोसते ते आधी जाणून घ्या. आणि कधी भडगावला आलात, तर भिकुबाईला सांगा, नळी समुद्रानेच खाल्ली. ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे माझ्याजवळच राहू द्या.