करंजाचं कुंपण

मोजपट्टीचं दुसरं टोक शालूबाईनं धरलं होतं. प्रबुद्ध करंजाला वळसा घालून आला, आकडा टिपला आणि म्हणाला, "सोडा आता, मावशी."

"वाचंल न्हवं ह्ये झाड?"

"न वाचायला काय झालं! सगळी खाती एकत्र आणलीत मी."

आणि ते खोटं नव्हतं. तासगाव नाक्यावरचा रस्ता रुंद व्हायचा म्हणून करंज पाडायचा ठरला, तेव्हा त्याच्या सावलीत भाजी विकणारी शालूबाई पालिकेच्या उद्यान खात्यात येऊन बसली. प्रबुद्ध तिथं नवाच निरीक्षक. एरवी या खात्यांचा कारभार असा, की आज डांबर पडलं की उद्या पाणीवाल्यांनी ते खणलंच म्हणून समजा! पण गड्यानं सगळ्यांचे उंबरे झिजवले. बांधकामवाल्यांनी रस्ता थोडा वळवला, पाणीवाल्यांनी नळ पलीकडून नेला, वीजवाल्यांनी तारा उचलल्या.

शेवटचं होतं अतिक्रमण खातं. तिथल्या लालासाहेबांना तो म्हणाला, "गाड्या बुंध्याला घासतात, पोरं साल सोलतात. कुंपण घालू, आणि भोवती कुणाचा वावर नको."

हे त्यानंच सुचवलं. बोलताना शालूबाई त्याच्या डोक्यातही आली नाही. तिला त्यानं झाडातच धरलं होतं.

चार दिवस गावी जाऊन तो परतला, तर कुंपण उभं होतं. करंज हिरवागार. शालूबाई मात्र रस्त्यापलीकडं, भर उन्हात, मोडक्या छत्रीखाली. गोणपाट भिजवून टाकलं होतं, तरी मेथीनं माना टाकल्या होत्या.

"इकडं का बसलात, मावशी?"

"लालासायबांची मानसं आलीवती. म्हनली, झाडापाशी बसायचं न्हाई. झाडाला तरास हुतो म्हनं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तो तडक लालासाहेबांकडं गेला. ते हसले. "अहो, तुम्हीच सांगितलंत ना? आता तिला बसवलं, तर उद्या दहाजण येतील."

प्रबुद्धनं पुन्हा तेच उंबरे झिजवले. पण या वेळी सगळ्या खात्यांचं आधीच एकमत झालेलं होतं. आपणच बांधलेली मोट आपल्याला सुटेना, याची त्याला मनापासून लाज वाटली.

चैत्रात एका दुपारी तो नाक्यावर आला, तेव्हा शालूबाई कुंपणाशी उभी होती. मेथी धुतलेलं पाणी तांब्यात घेऊन तिनं गजांतून हात घातला होता. इतकी वर्षं ते पाणी ती बुंध्यातच ओतायची. आता हात पुरत नव्हता, पाणी काठावरच सांडत होतं.

"बरं झालं आलासा," ती म्हणाली. "तुमचा हात लांब हाय. तेवढं बुडाला घाला."

फाटकाला कुलूप होतं आणि किल्ली बांधकामवाल्यांकडं. प्रबुद्धनं खांद्यापर्यंत हात आत घालून तांब्या कलता केला.

"पोचलं?"

"पोचलं, मावशी." मग तो चाचरत म्हणाला, "मी अजून बोलून बघतो."

"नगा. उन्हात भाजी टिकत न्हाई, मी आता दारोदार फिरनार हाय." तिनं पाटी डोक्यावर घेतली. तो तांब्या पुढं करत होता, तो तिनं घेतला नाही.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. दुपारचं पानी तेवढं चुकवू नका."

आणि 'मेथीऽऽ' अशी हाळी देत ती उन्हातून निघून गेली.