अकरावी सूचना

हृदयरुग्णांच्या वॉर्डातून घरी जाणाऱ्या माणसाला सूचना द्यायच्या त्या थोरल्या सिस्टरनीच, असा अलिखित नियम होता. वीस वर्षांत या कामात त्यांचा हात धरणारं कोणी निघालं नव्हतं. मीठ किती, जिना कधी, गोळी जेवणाआधी की नंतर, सगळं गळी उतरवल्याशिवाय त्या कोणाला सोडत नसत. कागदावर चौदा सूचना होत्या. अकरावी होती 'लैंगिक संबंध केव्हा व कसे सुरू करावेत'. तिच्यापुढे त्या 'सांगितले' अशी खूण करत आणि मुकाट्याने बारावीकडे वळत. समोर वयाने मोठा माणूस, शेजारी त्याची लेक नाहीतर सून. तिथे असलं काही काढायला जीभच रेटत नसे. ज्याला हवं असेल तो विचारेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. विचारलं मात्र कोणीच नव्हतं.

त्यामुळे 'लैंगिक आरोग्याविषयी रुग्णांशी कसं बोलावं' या प्रशिक्षणाची चिठ्ठी आली तेव्हा त्यांनी नाक मुरडलं. शिकवणार कोण, तर त्यांच्या मुलीच्या वयाची डॉक्टरीण! सकाळभर तिने सगळ्यांना ते शब्द मोठ्याने म्हणायला लावले. तरुण नर्स तोंडाला रुमाल लावून खिदळत होत्या आणि थोरल्या सिस्टर पंख्याकडे बघत होत्या.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी एका जुन्या रुग्णाला बोलावलं. ते निवृत्त बसचालक होते. सिस्टरना पाहताच त्यांचा चेहरा खुलला.

"यांनीच मला घरी सोडलं होतं, चार वर्षांपूर्वी. काय समजावतात हो! बादली उचलायची नाही, कूस कशी बदलायची, काही म्हणजे काही सोडलं नाही."

सिस्टरची मान जरा ताठ झाली.

"आणि पत्नीबरोबरच्या संबंधांबद्दल?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ते नाही बोलल्या. मी म्हटलं, कूस बदलायची कशी ते सांगणारी बाई हे विसरेल होय? नाही सांगितलं म्हणजे बंद. मी बाहेरच्या खोलीत झोपायला लागलो. ही जवळ आली की पाणी प्यायला उठायचो. तिला सांगायचीही लाज वाटायची. गेल्या वर्षी बहिणीकडे गेली, ती आलीच नाही."

आता कोणी खिदळत नव्हतं. कागदावरच्या त्या खोट्या खुणेचं फक्त सिस्टरनाच माहीत होतं. गप्प बसल्या असत्या तर कोणी बोट दाखवलं नसतं.

"सिस्टर, तेव्हा चाललं असतं का हो?" बसचालकांनी विचारलं.

"दोन जिने चढून दम लागत नव्हता ना?"

"दीड महिन्यातच चढायला लागलो होतो की."

"मग चाललं असतं. मी सांगायला हवं होतं. न सांगताच सांगितल्याची खूण केली मी."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मोबाइल काढला, नंबर लावला आणि पुढे केला. "माझ्या तोंडून तिला बहाणा वाटेल. तुम्ही सांगा."

सिस्टर फोन घेऊन बाहेर गेल्या. मागोमाग तेही आले आणि जरा लांब, भिंतीला टेकून उभे राहिले. त्या वीस वर्षं गिळलेलं सगळं बोलल्या, एकही शब्द न चुकवता. चूक आपली, हेही सांगितलं.

"म्हणजे ते भीतीने उठून जायचे?" पलीकडून बाई म्हणाली. "आणि मी इतकी वर्षं आरशात बघून माझ्यात काय वाईट झालंय ते शोधत होते."

एवढं बोलून तिने फोन ठेवला.

"काय म्हणाली?" बसचालकांनी विचारलं.

सिस्टरनी तिचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ते तिथल्या बाकावर बसले आणि पुन्हा नंबर लावू लागले. पलीकडून कोणी उचलत नव्हतं.