दमवून आणा

माझी सून कपडे शिवते. सकाळी तिचं मशीन घोड्यासारखं पळतं. दिवस कलला की मात्र पापण्या मिटायला लागतात, एका सुईच्या दोन दिसतात, जेवताना घास तोंडातच घोळत राहतो. दोनदा दवाखान्यात तारा लावून तपासलं, दोन्हीदा सगळं चोख निघालं. मग आमचे चिरंजीव म्हणाले, हे सगळं तिच्या मनाचे खेळ आहेत. मी म्हटलं, तुझंही मन तपासून घेऊ, सापडलं तर.

तपासणीला नेताना मी काही कमी केलं नव्हतं. माझ्या घरची सून मरगळलेली दिसली तर चार लोक मलाच नावं ठेवणार. म्हणून आदल्या दिवशी कामाला हात लावू द्यायचा नाही, रात्री लवकर झोपवायचं, सकाळी टवटवीत करून पहिला नंबर लावायचा.

तिसऱ्यांदा नवीन डॉक्टरीणबाई होत्या. आदल्या दिवशी काय काय केलं, असं त्यांनी विचारलं. मी ताठ मानेनं सगळं सांगितलं. त्या हसायलाच लागल्या.

"आजी, हा आजार दमलेल्या स्नायूत दिसतो. तुम्ही विश्रांती देऊन लपवून आणता. उद्या संध्याकाळी आणा, दमवून आणा."

सुनेला दमवायला सासूला काय शिकवणी लावावी लागते? दिवसभर जाडजूड पडदे शिवायला बसवलं. संध्याकाळी चिरंजीवांनाही सोबत घेतलं. वाटेत तिच्या माहेराला एकेक नाव ठेवत गेले आणि तिला प्रत्येकाचं उत्तर द्यायला लावलं. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत आवाज नाकातून यायला लागला होता आणि एक पापणी दुकानाच्या शटरसारखी खाली आली होती.

बाईंनी चेहऱ्याला तारा लावून बारीक बारीक झटके दिले. यंत्राच्या पडद्यावर पहिली रेघ उंच उठली, पुढची बुटकी, त्यापुढची आणखी बुटकी. मला अक्षर धड वाचता येत नाही, पण उतरती पायरी कळते. बाई म्हणाल्या, नसेचा निरोप स्नायूपर्यंत पुरता पोचत नाही. रक्त तपासू, पण गोळ्या आजच सुरू करू. बराच आराम पडेल.

आजार सापडला म्हणून मी इतकी हसले की नर्स गप्प करायला आली.

सून हळूच नवऱ्याला म्हणाली, "आता तरी पटलं?"

तो पायाकडे बघत राहिला. मी तिची पापणी बोटानं वर धरली.

"नीट बघून घे. नवऱ्याची मान खाली गेलेली रोज बघायला मिळत नाही."