र म्हणजे राहू दे

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. गाण्यांच्या खोलीत राहिलो, तरी सूर काढणारा नव्हे. कॉम्प्युटरला जोडलेला, साध्या बटणांचा. कारखान्यात माझ्यावर इंग्रजी अक्षरे उमटली आणि खामगावच्या एका दुकानातून संघर्षने मला आपल्या लहानशा स्टुडिओत आणले.

गाणी भरण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या बटणाने कोणते काम करायचे, हे आपल्याला ठरवता येते. संघर्षने ते आपल्या बोलीत ठरवले आणि माझ्यावर बारीक मराठी अक्षरे लिहिली. भ म्हणजे भर, म्हणजे रेकॉर्डिंग सुरू. थ म्हणजे थांब. र म्हणजे राहू दे; ते दाबले की गायलेले जपून ठेवले जाई. त्याला माझ्याकडे पाहावेही लागत नसे. लोक त्याच्या हाताचे कौतुक करत, ते मला माझेच वाटे.

गोकुळ त्याचा भागीदार. तो हळदीसाठी डीजेची गाणी जोडायचा.

"काय बे, पहिलीची अंकलिपी करून ठेवली याची," तो हसायचा.

"तू बी शिक मंग," संघर्ष म्हणायचा.

एके सकाळी गोकुळ एकटाच आला. रेकॉर्डिंग सुरू करायला त्याला र च्या जागेचे बटण सवयीचे होते. त्याने ते काम त्या बटणाला देऊन टाकले. माझ्यावरचे अक्षर तसेच राहिले, अर्थ बदलला. जाताना त्याने ते पूर्ववत केले नाही, संघर्षला सांगितलेही नाही.

दुपारी धामणगाव बढ्याहून भिमाबाई आल्या. त्याच आठवड्यात त्यांच्या घशाचे ऑपरेशन होते. पुढे आवाज असाच राहील, याची खात्री डॉक्टरांनी दिली नव्हती. नात वैष्णवीला बाळ होणार होते. त्या बाळासाठी त्यांनी स्वतः पाळणा रचला होता.

त्या डोळे मिटून गायल्या. आवाज कुठेच अडला नाही. संघर्षने थ दाबले, मग विश्वासाने र, आणि पाणी घेऊन तो त्यांच्याकडे वळला. इकडे जुने गाणे पुसून त्याच्या जागी सुरुवातीपासून नवे रेकॉर्डिंग सुरू झाले. जागा वाचावी म्हणून तशी सोय संघर्षनेच केली होती. मला सारे कळत होते. ओरडता येत नव्हते.

मग त्याने गाणे लावले. पाळण्याच्या जागी खोकला ऐकू आला आणि मघाचे बोलणे.

"जमलं काय बापा?"

"हाव आजी, लय जमलं. घ्या, कोमट पाणी."

"आता घसा गेला तरी चालते. लेकराले माहा आवाज भेटीन."

गोकुळ दाराशी आला होता. त्याने सारे ऐकले.

"तुहा कीबोर्डच बिघडला," तो म्हणाला. "जुना झाला ना बे."

संघर्षने त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिले. आणि ते खरे मानले.

भिमाबाई पुन्हा गायला उभ्या राहिल्या. दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला.

"राहू दे बापा," त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलून बसस्टँडकडे निघाल्या.

ज्या बोटांना मी कधी चुकू दिले नाही, त्यांनीच माझी वायर ओढली. आता मी तुटक्या माइकांबरोबर पोत्यात आहे.

मित्रांनो, बटणांची कामे जरूर बदला. पण ज्याची बोटे न पाहता तिथे जातात, त्याला आधी सांगा. आणि वस्तू बिघडली असे कोणी म्हणाले, तर तिला फेकण्यापूर्वी एवढे विचारा, की तिच्यावर शेवटचा हात कोणाचा पडला होता. माझ्या वेळी हे कोणी विचारले नाही. ज्याला उत्तर ठाऊक होते, तो दाराशीच उभा होता.