झिजणारा ग्रह

चैत्रातली ताम्रवर्णी दुपार. जतच्या माळावर सूर्य ओणवा होऊन उतरलेला. दगडखाणीच्या नग्न, विदीर्ण, शुभ्र भिंती तेजाने तापलेल्या. वारा निघाला की धूळ उठायची, धूळ बसायची, धूळ पुन्हा उठायची. तिला दुसरा उद्योगच नव्हता.

त्या धुळीच्या काठावर, पत्र्याच्या घराच्या पडवीत, हणमंता धोत्रे बाजेवर उशांना टेकून बसला होता. सारी हयात त्याने खाणीत दगड फोडला. आता तोच दगड पीठ होऊन त्याच्या छातीत बसला होता, आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. पुण्याहून आलेली लेक दुर्गा त्याच्या उशाशी होती. ती दूरच्या ताऱ्यांचा अभ्यास करते, एवढं त्याला ठाऊक होतं. श्वास पुरला की तो तिला त्याबद्दल विचारी.

"सध्या काय बगतीस?"

सांगू नये असं वाटूनही दुर्गाने सांगितलं. बापाशी खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं.

एक तारा आहे, सुदूर, सुवर्णपिंगट. त्याच्या निकट, फार निकट, एक इवला पाषाणग्रह फिरतो. इतका निकट, की त्याचे खडकच उकळतात. शिळेचा रस होतो, रसाची वाफ होते, वाफेची धूळ होते, आणि ते रजोमय, रक्ताभ, लांबच लांब शेपूट मागे सोडीत तो फिरत राहतो. तो स्वतः दिसत नाही. धूळ आडवी गेली की ताऱ्याचा उजेड मंदावतो, कधी थोडा, कधी अधिक. त्यावरून तो आहे हे कळतं. फेरीफेरीला तो उणा होतो. त्याला दूर सरकता येत नाही.

"मग?"

"मग संपतो, आण्णा."

"आन् तुमी लोक?"

"आम्ही नुसतं बघतो."

हणमंता बराच वेळ धापत राहिला. मग खाणीतल्या जुन्या सवयीने म्हणाला, "आदी पानी मारायचं की दगडावर. धुरळा उडत न्हाई."

"तिथं पाणी नाही, आण्णा."

"हितं तरी कुटं हुतं? टँकरचं काय ते. त्ये दगडावर मारलं असतं, तर तू काय प्याली असतीस?"

हे त्याने हवापाण्याविषयी बोलावं तसं सांगितलं. दुर्गाला लहानपणीचा भरलेला तांब्या आठवला, घटाघटा पिणं, फ्रॉकवर सांडणं. आणि संध्याकाळी खाणीतून येणारा, पापण्यांपर्यंत पांढराशुभ्र झालेला आण्णा. त्याला पाहून ती खदखदून हसायची. त्या हसण्याची तिला आता लाज वाटली.

खोकला उसळला. तिने पेला त्याच्या ओठांना लावला. पाणी ओठांवरून ओघळलं, हनुवटीवरून निथळलं, घोटभर गळ्यातून उतरलं, पोटात गेलं. छातीतल्या त्या कोरड्या, साचलेल्या, शुभ्र दगडावर मात्र एक थेंबही पडला नाही.